तीन वेळा थुंका, सुनंदा नारायणोव्ना

बेलारूसहून आल्यापासून हैदराबादेत काचीगुड्याच्या आमच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. मॅडम, काय काय बघितलंत? किल्ले बघितले का, बर्फ बघितला का? खरं सांगायचं तर मी नऊ दिवस एक दार बघितलं. पांढऱ्या रंगाचं, पितळी मुठीचं. दाराच्या आत माझ्या सख्ख्या भावाचं पहिलं मूल होतं, बावीस दिवसांचं. त्याची आत्या, म्हणजे मी, दोन विमानं बदलून त्याच्या कानात नाव सांगायला गेले होते आणि दाराबाहेर स्टुलावर बसून होते.

आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. बारशाला बाळाच्या कानाशी वाकायचं, कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. बाकी रीतीभाती मी मानत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली व्यक्ती मी. बी.एस्सी., बी.एड. जीवशास्त्र शिकवते. आण्णा गौलीगुड्याच्या बसस्टँडमागे टायरची पंक्चरं काढत आणि काळ्या हातांनी माझ्या वह्यांना कव्हरं घालत. मला नोकरी लागली त्या महिन्यात अंबरपेठच्या आमच्या दारावरचं लिंबू-मिरची मी ओढून काढलं. आई दोन दिवस बोलली नाही. नाही तर नाही! पण आत्याचा मान ही काही अंधश्रद्धा नव्हे, तो हक्क आहे. आण्णा गेले, आता आमच्या घरातून नाव द्यायला मीच उरले.

भाऊ गिरीश माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला पाढे मी शिकवले, इंजिनियरिंगचा फॉर्म मी भरला. सॉफ्टवेअरच्या नोकरीवर मिन्स्कला गेला आणि तिथल्याच अलेस्याशी लग्न करून राहिला. पुरवणी परीक्षेची ड्यूटी लागायच्या आत मला फक्त नऊ दिवस मोकळे होते. तेवढ्यात नाव ठेवून यायचं, असा माझा सरळ हिशेब.

मिन्स्क, पहिला दिवस

मिन्स्कचे रस्ते इतके रुंद की पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जाणार नाही. हॉर्न मात्र एकही नाही. काचीगुडा स्टेशनसमोर दहा मिनिटांत जेवढे हॉर्न वाजतात तेवढे मी तिथे नऊ दिवसांत ऐकले नाहीत. मे महिना होता. जिकडेतिकडे जांभळ्या फुलांचे तुरे आणि गवतात पिवळी रानफुलं. मी मनात म्हटलं, शिस्तीचा, शिकलेल्यांचा देश आहे. गिरीशची सासू तर ट्रॅक्टरच्या कारखान्यात तीस वर्षं गिअरची ड्रॉइंग करणारी इंजिनियर. आपलं जमणार हिच्याशी.

पाचव्या मजल्यावर दार उघडलं. समोर उंच, करड्या केसांच्या गालिना पेत्रोव्ना. मी हसून उस्मानिया बिस्किटांचा डबा पुढे केला. बाई दचकून मागे सरकल्या, दोन्ही हात पाठीमागे!

"अक्का, आधी आत ये," गिरीश मागून ओरडला. "उंबऱ्यावरून देत-घेत नाहीत इथे."

"का?"

"भांडण होतं म्हणे."

मी आत गेले. मग त्यांनी डबा घेतला, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि वडिलांचं नाव विचारलं. तिकडेही आपल्यासारखं माणसाच्या नावाला बापाचं नाव जोडतात, पण शेपूट लावून. 'नारायण' ऐकल्यावर त्यांनी दोनदा घोळवून म्हटलं, "सुनंदा नारायणोव्ना." पंक्चर काढणाऱ्या आमच्या आण्णांचं नाव त्या इंजिनियर बाईच्या तोंडी किती अदबीने आलं! त्या क्षणी मी त्यांना सगळं माफ केलं असतं. पण अजून काही झालंच नव्हतं.

"बाळ कुठंय?"

गिरीश बुटांकडे बघायला लागला. "अक्का, चाळीस दिवस बाहेरच्या कुणाला दाखवत नाहीत. फोटोसुद्धा नाही."

"बाहेरची? मी? बरं, ठीक आहे. मास्क लावते, कोपरापर्यंत साबणाने हात धुते, लांबून बघते. जंतुसंसर्ग मला शिकवू नकोस, मी तो दरवर्षी नववीला शिकवते."

त्याने सासूला सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि दोन शब्द बोलल्या.

"जंतूंचा प्रश्न नाही म्हणतात. डोळ्यांचा आहे."

"कुणाच्या डोळ्यांचा?"

"तुझ्या. म्हणजे... काळ्या डोळ्यांची नजर जड असते, असं मानतात इथे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बेचाळीस वर्षं हे डोळे घेऊन मी फिरते आहे, चष्म्याच्या नंबरापलीकडे कुणी त्यांच्याविषयी तक्रार केलेली नाही. "आणि तुझे काय निळे आहेत रे?"

"मी बाप आहे. मला आत सोडतात. फक्त आधी डाव्या खांद्यावरून तीन वेळा थुंकतो. खोटंखोटं. थू थू थू."

"हौला झालास काय गिरीश? वेड लागलं का?" मी एवढ्या जोराने म्हटलं की आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. माझ्या भाच्याचा मला मिळालेला पहिला आवाज तो. गालिना पेत्रोव्नांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दगड मारला होता.

कागदावरचं नाव ठरलं होतं, पण चर्चमध्ये नेईपर्यंत तेही परक्यासमोर उच्चारत नाहीत. आमचं घरचं नाव मी ठेवावं, याला कुणाची ना नव्हती. पण चाळीस दिवसांनंतर. म्हणजे मी गेल्यावर.

आईला फोन लावला. वाटलं, ती तरी चिडेल. तर आई शांतपणे म्हणाली, "बरोबर करतीय की ती बाई. सव्वा महिना कुणाला दाखवू नये लेकराला. गुणाची सासू मिळाली गिऱ्याला." मी फोन ठेवून दिला. अंबरपेठेत एक आणि मिन्स्कमध्ये एक, दोन म्हाताऱ्या एकमेकींची भाषा न कळता एका पक्षात, आणि बी.एस्सी. झालेली मी एकटी दुसऱ्या.

मिन्स्क, दुसरा ते पाचवा दिवस

सकाळी बाहेर पडताना दारात बूट घालून मी सहज विचारलं, "कुठे जायचंय आपल्याला?" गिरीशने भाषांतर केलं आणि स्वतःच जीभ चावली. गालिना पेत्रोव्ना परत आत गेल्या, बूट काढले, खुर्चीवर दोन मिनिटं बसल्या, जाताना आरशात बघितलं आणि मग पुन्हा निघाल्या. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारायचं नाही. आमच्या आईचं हेच, तंतोतंत हेच! आईला मी अडाणी म्हणत आले. या बाईंना काय म्हणायचं?

बाजारात त्यांनी मला काळा पाव, कच्च्या बटाट्याच्या किसाची जाड धिरडी, आंबट साय आणि बिटाचं थंडगार गुलाबी सार असं सगळं आग्रहाने खाऊ घातलं. धिरड्यांना द्रानिकी म्हणतात. आपल्या थालीपिठाची गोरी बहीण म्हणा. एका टपरीवर पांढऱ्या शुभ्र चौकोनी कापांची बशी समोर आली. मी खोबरं समजून तीन काप तोंडात टाकले. मऊ लागले. चौथा उचलला तेव्हा गिरीश म्हणाला, "अक्का, ती डुकराची चरबी आहे. खारवलेली." मी हैदराबादची, बिर्याणीवर वाढलेली, मांसाला नाक मुरडणारी नाही. पण डोळे पांढरे झाले. त्या गडबडीत शेजारचं मीठ सांडलं, आणि माझ्या घशाची काळजी करायची सोडून गालिना पेत्रोव्ना त्या मिठावर थुंकल्या. तीन वेळा.

निरोपाच्या एका शब्दाची गोष्टही इथलीच. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी रोज पाव आणायची. निघताना काय म्हणायचं, ते गिरीशला विचारलं तर त्याने "पाका" शिकवलं. मला ते कोरडं वाटलं. म्हटलं, "आपण 'येते' म्हणतो, ते कसं म्हणायचं?"

"या प्रिदू. पण निरोप घेताना असं कुणी म्हणत नाही."

"मी म्हणते."

पहिल्या दिवशी दुकानदारीण बाईने संध्याकाळपर्यंत माझ्यासाठी एक पाव काढून ठेवला, कारण मी 'येईन' असं सांगून गेले होते. दुसऱ्या दिवशीही ठेवला. तिसऱ्या दिवशी तिला समजलं असावं. मी "या प्रिदू" म्हटलं की ती हसून हात हलवायची.

चौथ्या दिवशी गालिना पेत्रोव्नांचा राग घालवावा म्हणून मी फुलं घेतली. शुभ काम, म्हणून जोडी-जोडीने, सहा. घरी पोचल्यावर बाईंनी गुच्छ मोजला, चेहरा पडला, आणि एक फूल काढून त्यांनी खिडकीबाहेर टाकलं. समसंख्येची फुलं मेलेल्यांना देतात. मी बसले परत माझ्या स्टुलावर.

अलेस्या मात्र गोड पोरगी. बाळ झोपलं की स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी मोडक्या इंग्रजीत बोलायची. तिच्या गाऊनला आतल्या बाजूने एक पिन लावलेली असे, डोकं खाली करून. नजर लागू नये म्हणून. ती दातांची डॉक्टर आहे.

"तू मानतेस हे?" मी विचारलं.

"मी नाही मानत," ती म्हणाली. "पण पिन काढत नाही." आणि चहात मध घालून माझ्याकडे सरकवला.

डॉक्टर! मी कपाळाला हात लावला.

गावाकडे, सहावा दिवस

त्या मंगळवारी त्यांचा पितरांचा सण होता. रादुनित्सा. सरकारी सुट्टी असते, अख्खा देश आपापल्या गावच्या कबरस्तानात जातो. ओली बाळंतीण आणि बाळ तिकडे जात नाहीत. गालिना पेत्रोव्ना सकाळी खाली गाडीत टोपल्या ठेवायला गेल्या तेव्हा गिरीश माझ्या कानाशी आला.

"अक्का, तू डोकं दुखतंय म्हण, घरी थांब. त्यांना मी घेऊन जातो. अलेस्या तुला दाखवेल बाळ. तिला चालतंय. कुणाला कळणार नाही."

दोन मिनिटांचं काम होतं. दार तीन पावलांवर. पण मला एकदम संताप आला. "मी त्याची आत्या आहे रे. चोरून बघू माझ्या भाच्याला? उद्या तो विचारेल, मला पहिल्यांदा कधी बघितलंस, तर काय सांगू, तुझ्या आजीची पाठ वळल्यावर?"

"मग नाहीच बघणार तू."

"नाही तर नाही."

असं म्हणाले खरी, पण गाडीत बसल्यावर पहिला अर्धा तास मला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. मग दिसू लागलं. सपाट जमीन, कुठे टेकाड नाही. पांढऱ्या सालीची झाडं, मोहरीसारखी पिवळी शेतं, निळ्या रंगाची लाकडी घरं. विजेच्या खांबांवर करकोच्यांची थोरली घरटी. करकोचा घराजवळ आला तर भाग्य येतं म्हणून वीजवाले त्यांना खांबावर बैठक करून देतात, असं गिरीश म्हणाला. हा एक समज मला आवडला, त्यात कुणी दाराबाहेर बसत नाही.

कबरस्तान पाइनच्या झाडांत होतं. आणि तिथे चक्क पंगत! कबरींवर टेबलक्लॉथ, रंगवलेली अंडी, गोड पाव, दारूचा पेला, त्यावर काळ्या पावाचा तुकडा. माणसं बाकांवर बसून जेवत होती, शेजारच्या कबरीवाल्यांना लोणचं देत होती. आपल्याकडे स्मशानातून आल्यावर आंघोळीशिवाय घरात घेत नाहीत, आणि इथे आजोबांच्या छातीवर अंडं सोलत बसायचं. माझ्या अंगावर काटा आला. पण कावळ्यासाठी पान ठेवणारी माझी आई आठवली आणि मी मुकाट्याने अंडं सोललं.

शेवटी गालिना पेत्रोव्ना मला एका कोपऱ्यात घेऊन गेल्या. माझ्या हातात दोन फुलं दिली. इथे दोनच. समोर हातभर दगड, त्यावर आडनाव, नाव नाही.

गिरीश हळू आवाजात सांगत होता. गालिना पेत्रोव्नांचा, अलेस्याच्या आधीचा मुलगा. एकोणीस दिवसांचा. हॉस्पिटलमधून आणल्यावर कारखान्यातल्या मैत्रिणी बघायला आल्या होत्या, एक म्हणाली, काय देखणं मूल आहे. त्यानंतर चौथ्या दिवशी गेलं.

"न्यूमोनिया," गालिना पेत्रोव्ना स्वतःच म्हणाल्या. हा शब्द मला भाषांतराशिवाय कळला. पुढचं गिरीशने सांगितलं. "त्या म्हणतात, मला माहीत आहे न्यूमोनिया होता. कागद अजून माझ्याकडे आहे. मी इंजिनियर आहे. पण दार मीच उघडलं होतं."

मी खाली वाकले. फुलं ठेवली, हात जोडले, आणि निघताना त्या एवढ्याशा दगडाकडे बघून सवयीने म्हणाले, "या प्रिदू."

गालिना पेत्रोव्नांनी झडप घालून माझ्या तोंडावर हात ठेवला. कबरीला 'मी येईन' म्हणाले होते मी! त्यांनी मला गरकन फिरवलं, पाइनच्या खोडावर माझी मूठ तीन वेळा आपटली आणि ओरडल्या.

"थुंक अक्का," गिरीश पांढराफटक पडला होता. "तीन वेळा थुंका म्हणतात, सुनंदा नारायणोव्ना, डाव्या खांद्यावरून!"

आजूबाजूचे लोक अंडी खायचे थांबले. मी थुंकले.

"असं का म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणतात."

"का नाही म्हणत?"

"कारण... जातो तो माणूस परत येत नाही. मेलेल्याला 'गेला' म्हणतात."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही तर काही मानत नाही, असं पहिल्या दिवशी म्हणालात."

"नाहीच मानत."

"मग म्हणा. 'जाते' म्हणा. तुमच्या भाषेत."

सोपं होतं. दोन अक्षरं. मी तोंड उघडलं. समोर गिरीश उभा होता, घरी बहात्तर वर्षांची आई एकटी होती, पायाशी तो दगड. माझी जीभ टाळूला चिकटली. मी पुन्हा प्रयत्न केला, अगदी शास्त्र शिकवणाऱ्या बाईने करावा तसा. नाही आला तो शब्द. मग आठवून बघितलं, तर आजवर एकदाही, कुणाच्याही दारातून निघताना मी तो म्हटलेला नव्हता. आण्णांच्या दुकानातून शाळेला पळताना नाही, कॉलेजच्या पहिल्या दिवशी नाही. डुकराची चरबी खाल्ली तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का मला त्या झाडाखाली बसला.

परतीच्या वाटेवर गालिना पेत्रोव्ना गाडीत मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्या आणि दोन तास माझा हात धरून झोपल्या.

मिन्स्क, नववा दिवस

तरीही दार उघडलं नाही. सातवा दिवस गेला, आठवा गेला. आता मी चिडलेही नव्हते. बॅग भरली. निघण्याआधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं असतं तिकडे, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. मी बॅगेवर बसले, गिरीश बाकावर. गालिना पेत्रोव्ना बसल्या आणि लगेच उठल्या. आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं. तोंड त्यांच्या मानेत लपवलेलं, डोक्यावर दुपटं ओढलेलं. माझ्याकडे त्यांनी पाठ केली. मग एका बोटाने दुपट्याची कड जरा मागे सारली.

एक कान होता.

"त्या विचारतात," गिरीशचा आवाज फाटला, "तुझ्या कामाला एवढा पुरतो का?"

मी मान हलवली. माझ्या करंगळीच्या पेराएवढा कान, कडेला सोनेरी लव, पाळी मात्र आमच्या आण्णांसारखी, खाली जराशी चिकटलेली. दुधाचा वास येत होता. मी हात मागे बांधले, डोळे मिटले. कुणी सांगितलं नव्हतं. वाकले, कुर्र केलं. गिरीशने भिंतीकडे तोंड फिरवलं. गालिना पेत्रोव्ना, नाव ऐकू येऊ नये म्हणून, मोठ्याने काहीतरी गुणगुणायला लागल्या. मी नाव सांगितलं. कान किंचित हलला. शपथेवर सांगते, हलला.

अंबरपेठ

आईने दारातच विचारलं, "कुणासारखा दिसतो?" मी म्हटलं, माहीत नाही, मी बघितला नाही. कान सांगितला. ती बराच वेळ आण्णांच्या फोटोकडे बघत बसली.

"आणि नाव? काय ठेवलंस?"

"चाळीस दिवस झाले की सांगेन."

"मला? त्याच्या आजीला? हैदराबादेतून नजर लागणार आहे होय माझी?"

"आई, नक्को म्हटलं ना. परेशान करू नको."

गिरीशलाही सांगितलेलं नाही. तो रोज फोनवर अंदाज करतो. स्टाफरूममध्ये गणिताच्या बाई म्हणाल्या, मॅडम, तुम्ही आणि असलं मानता? मी म्हटलं, मी नाही मानत. मग सांगा की! मी वह्या तपासायला घेतल्या.

आज अडतिसावा दिवस आहे. पोराला सर्दीसुद्धा झालेली नाही.